रॅकमधली रिकामी जागा

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते, की मेथॲम्फेटामिन (मेथ) किंवा कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिलेलं एकही औषध अजून नाही, आहेत त्या चाचण्या. त्या एका ओळीवर जितकी पत्रं आली, तितकी अख्ख्या लेखावर आली नाहीत. पाच इथे घेते. पत्रं छाटली आहेत, नावं कुणाचीच देत नाही.

मॅडम, माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. चार वर्षं मेथ घेतोय. आता त्याला एका औषधाच्या चाचणीत घेताहेत. इंजेक्शन आणि रोजच्या गोळ्या. कागदावर लिहिलंय की काहींना खरं औषध आणि काहींना नुसतंच तसं दिसणारं. म्हणजे माझ्या भावाला फसवणार आणि वर त्याचीच सही घेणार? त्याला खरं औषध मिळेल अशी व्यवस्था कुणाला सांगून करता येईल का?
– मोठी बहीण

ताई, अशी व्यवस्था होत नाही. ‘मी करून देतो’ असं तिथलं कुणी म्हणालं, तर भावाला आधी तिथून घरी घेऊन या. कुणाला काय मिळणार हे संगणक ठरवतो, आणि ते भावाला कळत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही. राहिला फसवणुकीचा मुद्दा. न सांगता केलं असतं तर फसवणूकच होती. इथे ते पहिल्याच पानावर लिहिलंय, म्हणून तर तुम्ही चिडून मला पत्र लिहू शकलात.

आता हे सोंग लागतं कशाला, ते सांगते. व्यसनी माणूस चाचणीच्या दारात येतो तो बहुतेक वेळा त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात. चार रात्री झोप नाही, नोकरी गेलेली, घरात कुणी बोलत नाही. त्यापुढचा आठवडा काही न देताही थोडा बरा जातो, कारण त्याहून वाईट जायला फारशी जागाच नसते. त्यात आठवड्यातून दोन-तीनदा कुणीतरी त्याला नावाने हाक मारतं, रक्तदाब बघतं, झोप लागली का विचारतं. माणूस सुधारतो, आणि श्रेय गोळी घेऊन जाते. कोकेनवर मोडाफिनिल नावाच्या औषधाचं असंच झालं. २००५ साली ६२ जणांच्या चाचणीत ते चाललं, सगळ्यांना आनंद झाला. २००९ साली २१० जणांवर पाहिलं, तर खऱ्या आणि खोट्या गोळीत मुख्य मोजमापावर फरकच निघाला नाही. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, डेसिप्रामिन या नैराश्यावरच्या जुन्या गोळीने अशीच आशा लावली होती. पुढच्या चाचण्यांनी ती मोडीत काढली. खोटी गोळी नसती, तर आज ही दोन्ही औषधं लोक विकत घेऊन वर्षानुवर्षं खात बसले असते.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून भावाची चाचणी नालट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑन या जोडीची दिसते. यातलं एकही औषध नवं नाही. नालट्रेक्सोन दारू आणि अफूवर्गीय व्यसनासाठी, ब्युप्रोपिऑन नैराश्यासाठी आणि तंबाखू सोडायला, अशी दोन्ही कित्येक वर्षं वापरात आहेत. ही जोडी मेथवर वापरून पाहिलेली मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि २०२१ च्या जानेवारीत तिचे निकाल छापून आले. माणसं ४०३. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, रोज गोळ्या. पहिल्या सहा आठवड्यांत १०९ जणांना खरं औषध होतं, बाकीच्या २९४ जणांना नव्हतं. पण त्या २९४ पैकी ज्यांना काही फरक पडला नाही, अशा २२५ जणांची पुन्हा चिठ्ठी काढली आणि त्यातल्या साधारण निम्म्यांना पुढचे सहा आठवडे खरं औषध मिळालं. भावाच्या कागदात असा दुसरा टप्पा आहे का, तेवढं बघा. असेल, तर पहिल्या चिठ्ठीत सगळं संपत नाही.

निकालही सांगते, कारण तो सांगताना मी नेहमी नातेवाइकांचे चेहरे पडताना बघते. टप्प्याच्या शेवटच्या चार लघवी-तपासण्यांपैकी किमान तीन स्वच्छ, याला ‘गुण आला’ म्हणायचं ठरलं होतं. औषध घेणाऱ्यांत तो १३.६ टक्क्यांना आला, खोट्या औषधावर २.५ टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या श्याऐंशी जणांना औषध घेऊनही या मापाने गुण आला नाही. आणि तरी ज्या आजारावर वर्षानुवर्षं एकामागून एक औषधं पडत गेली, तिथे एवढासा फरकही आम्ही दोनदा वाचला. भावाला तिथे पाठवताना हे दोन्ही आकडे डोक्यात ठेवा. उपचाराची हमी समजून पाठवलंत, तर तिसऱ्या महिन्यात तुमचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण होईल.

तुमच्या हातात एक काम मात्र आहे, आणि ते भाऊ स्वतः करेलच असं नाही. तो अफूवर्गातलं काही घेतो का – वेदनाशामक गोळ्या, खोकल्याचं कोडीनचं औषध, काहीही – ते त्याच्याकडून काढून घ्या आणि तिथल्या डॉक्टरांना सांगायला लावा. अंगात अफू असताना नालट्रेक्सोनचं इंजेक्शन दिलं, तर एकदम अंग तुटायला लागतं, उलट्या-जुलाब होतात, आणि टोचलेलं इंजेक्शन काही परत काढता येत नाही. कधी फिट आली होती का, डोक्याला मोठा मार लागला होता का, हेही सांगा. ब्युप्रोपिऑनने फिट येण्याचा धोका वाढतो. इंजेक्शन चालू असताना अपघात झाला, तर मॉर्फिनसारखी औषधं नेहमीसारखी काम करणार नाहीत, म्हणून चाचणीत दिलेलं कार्ड त्याच्या पाकिटातच राहू द्या, कपाटात नको. रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा ते विचारून घ्या. जिवावरचा प्रसंग आला, तर त्याला नक्की काय दिलंय ते तेवढ्यापुरतं उघड करता येतं, तशी सोय केलेलीच असते. आणि सही केली म्हणजे बांधला गेला असं नाही. कारण न देता तो कुठल्याही दिवशी बाहेर पडू शकतो.

घरी लघवी तपासायची पट्टी आणली. मुलीच्या तपासणीत ॲम्फेटामिनच्या (मेथच्याच वर्गातल्या द्रव्यांच्या) खिडकीत दुसरी रेष अगदी पुसट आली. ती म्हणते, मी काही घेतलेलं नाही. मोठं भांडण झालं. चार दिवसांनी पुन्हा तपासलं, तर रेष आलीच नाही, तरी ती तेच म्हणते. ती नैराश्यासाठी ब्युप्रोपिऑन घेते, पूर्वी मेथ घेत होती. खरं काय?
– एक वडील

पहिलं भांडण तुमच्या चुकीने झालं. या पट्ट्या गरोदरपणाच्या पट्टीच्या उलट वाचायच्या असतात. रेष आली म्हणजे द्रव्य नाही. पुसट आली तरी नाहीच. रेष उमटली नाही, तर ‘असू शकेल’. दोन-दोन डिग्र्या घेतलेली माणसंही इथे चुकतात. मी स्वतः पहिल्या दिवशी चुकले होते, सिस्टरने हातातून पट्टी काढून घेतली म्हणून निभावलं.

दुसऱ्या वेळेस रेष आली नाही, ते जरा जास्त गुंतागुंतीचं आहे. ब्युप्रोपिऑन शरीरात मोडून जी द्रव्यं तयार होतात, त्यांना काही पट्ट्या ॲम्फेटामिन समजतात. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिनही कधी कधी असाच गोंधळ घालतं. म्हणून पट्टीवर कधीच निकाल द्यायचा नसतो. तोच नमुना प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीवर तपासून घ्यायचा, तिथे नेमका रेणू ओळखला जातो. (वरच्या ताईंच्या भावासारख्या चाचणीत तर ही आणखी वेगळी डोकेदुखी. औषधच पट्टीला चकवायला लागलं तर खरं औषध घेणारेच जास्त ‘दोषी’ दिसतील. त्यामुळे कुठली पट्टी वापरायची यावर आधीच खल करावा लागतो.)

मुलगी खोटं बोलत नाही, असं मी म्हणत नाही. तुमच्या हातातल्या पट्टीवरून ते ठरत नाही. तिच्या डॉक्टरांकडे तिच्यासमोर हा विषय काढा आणि तपासणी तिथे होऊ द्या. घरात बाथरूमच्या दाराबाहेर बाप कप घेऊन उभा राहिला, की त्या घरात दुसरं काही बोलणं होत नाही. पहिल्या भांडणाबद्दल मात्र तिची माफी मागाच.

मी शिक्षक आहे. ऐकलं की काही ठिकाणी लघवी स्वच्छ निघाली की व्यसनी माणसाला बक्षीस देतात. चाचणीला आल्याबद्दलही पैसे देतात. ही लाच नाही का? ते पैसे कुठे जाणार हे सांगायला हवं का?

गुरुजी, रागावू नका, पण वहीत ‘छान’ असा शेरा आणि चांदणी तुम्हीही देत असालच.

बक्षिसाच्या पद्धतीतली एक नॅन्सी पेट्री या मानसशास्त्रज्ञ बाईंनी रूढ केली. एका मोठ्या भांड्यात ५०० चिठ्ठ्या. नमुना स्वच्छ निघाला की हात घालून चिठ्ठी काढायची. २५० चिठ्ठ्यांवर फक्त ‘शाब्बास’. उरलेल्यांतल्या बहुतेकांवर किरकोळ वस्तू, चाळीसेक चिठ्ठ्यांवर बऱ्यापैकी काही, आणि मोठं बक्षीस फक्त एका चिठ्ठीवर. ओळीने स्वच्छ नमुने दिले की काढायच्या चिठ्ठ्या वाढत जातात. एक नमुना खराब निघाला की पुन्हा एकीवर. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण मेथ, कोकेन अशा उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर आजवर जे जे करून पाहिलं, त्यात सर्वांत भक्कम पुरावा याच पोरखेळाचा आहे, कुठल्याच गोळीचा नाही. मला विचाराल तर औषध शोधणाऱ्यांच्या पोटात यामुळेच गोळा येतो. दोन्ही गटांना चिठ्ठ्या दिल्या, तर दोन्ही गट सुधारतात आणि औषधाचा वेगळा असा फरक दिसेनासा होतो. चिठ्ठ्या दिल्या नाहीत, तर माणसं येईनाशी होतात. प्रत्येक चाचणीला यातलं एक दुखणं पत्करावं लागतं.

येण्याजाण्याच्या पैशांचं म्हणाल, तर ‘रोख दिले की त्याचीच नशा करतील’ ही भीतीही अमेरिकेत तपासून पाहिली गेली आहे. जास्त रक्कम किंवा रोख दिल्याने नवा वापर वाढलेला आढळला नाही. पुढच्या तपासणीला परत येणारे मात्र वाढले.

कोकेनवर लस निघणार होती, तिचं काय झालं?

निघाली होती, माणसांवर तपासलीही गेली. रक्तात कोकेनला चिकटून बसणारी प्रतिपिंडं तयार करायची, म्हणजे ते मेंदूपर्यंत पोचणारच नाही, अशी कल्पना. २००९ साली छापलेल्या चाचणीत पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली फक्त ३८ टक्के लोकांत. त्यांच्यात वापर कमी झालाही. पण काहींनी लसीवर मात करायला नेहमीच्या कित्येक पट कोकेन घेतलं. २०१४ साली मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यातही लस अपेक्षेला उतरली नाही. कोकेन अडवता येतं, तलफ अडवता येत नाही, एवढं त्या लसीने दाखवलं.

मॅडम, वय २६. कोकेनवरच्या औषधाच्या चाचणीत आहे, सातवा आठवडा. पाच आठवडे एकदाही घेतलं नव्हतं. शनिवारी घेतलं. सोमवारी नमुना द्यायला गेलो नाही, बुधवारीही नाही. तिथल्या को-ऑर्डिनेटर ताई तीनदा फोन करून थकल्या. त्यांनी माझ्यावर एवढी मेहनत घेतली आणि मी सगळ्या अभ्यासाची वाट लावली. आता कुठल्या तोंडाने जाऊ? नाव काढून घेतो असं कळवून टाकू का?

वय लिहिलंस म्हणून ‘तू’ म्हणते. तुला उत्तर पत्र मिळालं त्याच संध्याकाळी पाठवलं होतं. तुझ्यासारखे आणखी वाचत असतील म्हणून इथे पुन्हा देते.

माझी पहिली नोकरी अशाच एका चाचणीत होती. कोकेनवरचं औषध, आणि माझ्याकडे लघवीच्या नमुन्यांच्या बाटल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. कोकेन स्वतः तासाभरात ओसरायला लागतं, पण त्याचा उरलेला अंश, बेंझॉइलएक्गोनिन, लघवीत दोन ते चार दिवस सापडतो. तीन वार धरले की मधला दिवस सहसा निसटत नाही. कपावर बाहेरून तापमानाची पट्टी चिकटवलेली असायची. चार मिनिटांच्या आत ती ३२ ते ३८ अंशांत दिसली पाहिजे, म्हणजे नमुना आत्ताचा, याच माणसाचा, घरून आणलेला नाही. मग झाकण, क्रमांकाचं स्टिकर, आणि रॅक. एका माणसाची एक ओळ. आमच्या कॅप्सूलमध्ये थोडं बी-टू जीवनसत्त्व मिसळलेलं होतं. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बाटली धरली की गोळी घेणाऱ्याची लघवी पिवळी-हिरवी चमकायची. गोळ्या कमोडात टाकून ‘घेतल्या’ म्हणणारे तिथे सापडत. मी त्यांना कधी काही बोलले नाही, फक्त टिपून ठेवलं.

चौथ्या महिन्यात त्या रॅककडे बघवेना. खराब नमुन्यांमुळे नव्हे. ओळींच्या शेवटाला खाचाच रिकाम्या होत्या. पहिल्या खाचा भरलेल्या, मग एक मोकळी, मग दोन, मग सगळ्याच. यातल्या कुणाला औषधाने बरं वाटलं म्हणून येणं सोडलं, कुणी वापर सुरू झाला म्हणून, कुणाला गोळीने चक्कर येत होती म्हणून, हे रिकाम्या खाचेवरून कसं कळणार? त्या औषधाबद्दल शेवटी ‘फरक आढळला नाही’ एवढंच लिहिलं गेलं. माझं मत विचारशील तर ते औषध चालत होतं की नव्हतं, हे आम्हाला कळलंच नाही.

आणि एक गृहस्थ होते, सतरा नंबरचे. एकही वार चुकवला नाही, आणि एकही नमुना स्वच्छ दिला नाही. दर वेळी कप देताना जमिनीकडे बघायचे. त्यांच्याच तक्रारीवरून कळलं की संध्याकाळच्या गोळीनंतर छाती धडधडते. मग इतरांनाही विचारलं, तेव्हा आणखी तिघं निघाले, आणि वेळ बदलली. त्यांची ओळ मला अजून आठवते, शेवटपर्यंत भरलेली.

तू वाट लावलीस ती शनिवारी नाही, सोमवारी. बहुतेक चाचण्यांत न दिलेला नमुना खराबच धरतात. म्हणजे लाजेपोटी तू काही लपवलंस असंही नाही, कागदावर ते तसंच लागलं, फक्त माहिती गेली. शनिवारचा नमुना सोमवारी दिला असतास, तर निदान एवढं तरी नोंदलं गेलं असतं: पाच आठवडे नाही, मग एक दिवस, मग पुढे काय. ही नोंद आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाची आहे. पूर्वी संपूर्ण सुटलं का नाही, एवढंच बघायचे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एफडीएने या औषधांसाठी मार्गदर्शनाचा मसुदा काढला, त्यात वापर कमी होणं हेही यशाचं माप म्हणून विचारात घेता येईल असं आलं आहे. पाच आठवड्यांत एक दिवस, ही तुझी लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही, ती त्यांना हवी असलेली आकडेवारी आहे.

नाव काढून घ्यायचा हक्क तुला आहे, तो वापरायचाच असेल तर वापर. पण मग तसं तिथे जाऊन सांग, शेवटची तपासणी करून घे. अचानक नाहीसा होऊ नकोस, कारण काही गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, आणि तुला खरी मिळत होती की खोटी हे तुलाही ठाऊक नाही.

त्या ताईंचा चौथा फोन येईल, तो उचल. जे झालं ते एका वाक्यात सांग, त्यांनी यापूर्वी पन्नास वेळा ऐकलंय. शुक्रवारी जाताना गोळ्यांचं पाकीट बरोबर ने, उरलेल्या गोळ्यांसकट, त्या मोजायच्या असतात. आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या राहिल्या असतील, तर आकडा जुळावा म्हणून आज रात्री एकदम खाऊन टाकू नकोस. राहिल्या तशाच घेऊन जा.